नेटिव्ह प्रोग्राममधून डॉट नेटची लायब्ररी कॉल करताना येणाऱ्या मर्यादा

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मध्यम कारखान्यांत आजही असे अनेक प्रोग्राम रोज चालतात, जे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी व्हिज्युअल सी प्लस प्लस, डेल्फी किंवा व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिले गेले. वजनकाट्याचे वाचन सिरियल पोर्टवरून घेणे, एअर गेजने मोजलेला व्यास नोंदवणे, डिस्पॅचचे चलन छापणे अशी त्यांची कामे असतात. हे प्रोग्राम बदलायला मालक तयार नसतात, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. जो प्रोग्राम यंत्राशी नीट बोलतो, ज्याच्या सगळ्या खोडी कामगारांना पाठ झाल्या आहेत आणि ज्याने वर्षानुवर्षे हिशेब चुकवला नाही, तो केवळ जुना झाला म्हणून फेकून देणे शहाणपणाचे नाही. अडचण येते ती नवी गरज निर्माण झाल्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले, आणि अशा कितीतरी कारखान्यांच्या जुन्या प्रोग्रामांना एकाएकी जेसॉन (माहिती मजकुरात मांडण्याचा ठराविक साचा), एन्क्रिप्शन, क्यूआर कोड आणि सुरक्षित इंटरनेट जोडणी यांची गरज भासू लागली. या सर्व गोष्टींच्या चांगल्या लायब्ररी (डीएलएल फाइलींत मिळणारे तयार कोडचे संच) डॉट नेटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहिण्याच्या आणि चालवण्याच्या व्यवस्थेत, उपलब्ध आहेत. त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रश्न बहुधा एकाच स्वरूपाचा असतो: ‘सर, डीएलएल तर मिळाली आहे, आता आपल्या प्रोग्राममधून ती फक्त कॉल करायची आहे ना?’

या ‘फक्त’मध्ये किती गोष्टी दडलेल्या असतात, ते मला येथे सविस्तर मांडायचे आहे. नेटिव्ह (प्रोसेसरवर थेट चालणाऱ्या) प्रोग्रामने मॅनेज्ड (डॉट नेटच्या देखरेखीखाली चालणाऱ्या) लायब्ररीतले एक फंक्शन कॉल केले की आपल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्राममध्ये, एक फंक्शन येत नाही, तो कोड चालवणारी संपूर्ण यंत्रणा, म्हणजे रनटाइम येतो. त्याच्याबरोबर त्याचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी साफ करणारा), जेआयटी कंपायलर (चालताना कोड प्रोसेसरच्या भाषेत आणणारा), फाइली शोधण्याचे नियम आणि अपवाद (चालताना उद्भवणाऱ्या त्रुटी) हाताळण्याची पद्धतही येते. मात्र ती प्रोसेस त्या रनटाइमच्या मालकीची नसते. मूळ ईएक्सई (प्रोग्रामची मुख्य फाइल) नेटिव्हच राहते, आणि अनेक बाबतींत शेवटचा शब्द तिचाच चालतो. लायब्ररी लिहिणारा ज्या गोष्टी गृहीत धरून चालतो, त्यांतल्या बऱ्याच येथे लागू होत नाहीत. माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ याच विसंगतीत सापडले आहे.

सुरुवात फाइलच्या नावापासूनच होते. नेटिव्ह डीएलएल आणि डॉट नेटची डीएलएल यांचे एक्स्टेन्शन एकच असले तरी आतला मजकूर वेगळा असतो. नेटिव्ह डीएलएलमध्ये प्रोसेसरला थेट समजणारा कोड आणि बाहेर दिलेल्या फंक्शनांची यादी असते. सी शार्प या डॉट नेटच्या भाषेत लिहिलेल्या लायब्ररीत मधल्या भाषेतला कोड आणि मेटाडेटा (त्या कोडचे वर्णन) असतो, तर बाहेर दिलेल्या फंक्शनांची यादी रिकामी असते. म्हणूनच डेल्फीमधून ‘लोडलायब्ररी’ आणि ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ या नेहमीच्या मार्गाने गेल्यास फाइल उघडते, पण फंक्शन सापडत नाही. त्याच कारणाने डॉट नेट फ्रेमवर्कची (डॉट नेटच्या जुन्या पिढीची) डीएलएल ‘रेगएसव्हीआर३२’ या विंडोजच्या नोंदणीच्या साधनाने नोंदवायचा प्रयत्न केल्यास, मॉड्यूल लोड झाले पण नोंदणीचे फंक्शन मिळाले नाही, असा संदेश येतो. फाइल बिघडलेली आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

जुन्या प्रोग्रामांसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग कॉम इंटरऑपचा (कॉम म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याचे ऑब्जेक्ट वापरण्याची विंडोजची जुनी व्यवस्था) आहे, आणि व्हिज्युअल बेसिक ६ साठी तर तोच एक सरळ मार्ग आहे. लायब्ररीतला वर्ग (क्लास) कॉमला दिसेल असा घोषित करायचा, ‘रेगअ‍ॅझम’ या साधनाने त्याची नोंद रजिस्ट्रीत करायची आणि टाइप लायब्ररी (वर्गांचे वर्णन असलेली फाइल) तयार करून जुन्या प्रोग्राममध्ये तिचा संदर्भ द्यायचा, अशी ही पद्धत. नोंद झाल्यावर रजिस्ट्रीत त्या वर्गाचा सर्व्हर म्हणून आपल्या डीएलएलचे नाव येत नाही, ‘एमएससीओआरईई.डीएलएल’ हे नाव येते. म्हणजे आधी रनटाइम सुरू होतो आणि मग तो आपली असेंब्ली (डॉट नेटची डीएलएल) शोधतो. ती कुठे शोधावी हे त्याला सांगितलेले नसेल, तर तो ग्लोबल असेंब्ली कॅशमध्ये (संगणकावरच्या सामायिक असेंब्लींच्या जागी) आणि त्यानंतर मूळ ईएक्सईच्या फोल्डरमध्ये पाहतो. म्हणून ‘कोडबेस’ हा पर्याय देऊन नोंद केली नाही आणि डीएलएल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, तर नोंद यशस्वी दिसूनही ऑब्जेक्ट तयार होत नाही.

कॉमच्या मार्गाने सी शार्पची प्रत्येक गोष्ट पलीकडे जात नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. स्टॅटिक पद्धती (मेथड) दिसत नाहीत. जेनेरिक वर्ग दिसत नाहीत. कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या पद्धतीला) पॅरामीटर देता येत नाहीत, त्यामुळे ऑब्जेक्ट रिकामा तयार करून नंतर त्याला माहिती पुरवण्याची वेगळी पद्धत लिहावी लागते. एकाच नावाच्या अनेक पद्धती असतील तर दुसऱ्या पद्धतीच्या नावापुढे अंडरस्कोर आणि २, तिसरीपुढे ३ अशी शेपटी आपोआप लागते. सी शार्पच्या फाइलमध्ये त्या पद्धतींचा क्रम बदलला की कोणती शेपटी कोणाला लागेल तेही बदलू शकते. तयार लायब्ररी थेट कॉमला उघडी करू नये, हे मी आग्रहाने सांगतो त्याचे हे एक कारण आहे. मध्ये स्वतःचा छोटा वर्ग लिहावा, त्याचा इंटरफेस स्वतंत्रपणे घोषित करावा आणि त्याला स्वतःचा कायम जीयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) द्यावा. ‘ऑटोड्युअल’ वापरून इंटरफेस आपोआप तयार होऊ देणे सुरुवातीला सोयीचे वाटते. पण पुढच्या आवृत्तीत एखादी पद्धत वाढली की पद्धतींच्या तक्त्यातल्या जागा सरकतात, आणि जुना कंपाइल केलेला प्रोग्राम भलतीच पद्धत कॉल करतो. अशा वेळी त्रुटीचा संदेश येईलच असे नाही. वजनाच्या जागी दुसरी संख्या येऊन बसणे यापेक्षा प्रोग्राम बंद पडलेला परवडतो.

३२ आणि ६४ बिटचा प्रश्न वरवर सोपा आहे. एका प्रोसेसमध्ये एकाच प्रकारचा कोड चालतो. व्हिज्युअल बेसिक ६ आणि जुनी डेल्फी यांचे प्रोग्राम ३२ बिटचे असतात, त्यामुळे आजच्या ६४ बिटच्या विंडोजवरही त्यांना ३२ बिटचाच रनटाइम लागतो. ‘एनी सीपीयू’ म्हणून बांधलेली शुद्ध सी शार्पची लायब्ररी दोन्हीकडे चालते. पण तिच्याबरोबर एखादी नेटिव्ह डीएलएल येत असेल (डेटाबेसच्या लायब्ररींच्या बाबतीत हे नेहमीचे आहे) तर ती योग्य प्रकारची असल्याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते. ‘रेगअ‍ॅझम’चेही दोन अवतार असतात, एक ३२ बिटच्या फ्रेमवर्कच्या फोल्डरमध्ये आणि दुसरा ६४ बिटच्या, आणि प्रत्येक जण रजिस्ट्रीच्या आपापल्या भागात नोंद करतो. चुकीच्या अवताराने नोंद केल्यास ती नोंद जुन्या प्रोग्रामला दिसतच नाही.

आता मी ज्या भागाला सर्वांत महत्त्वाचा मानतो त्याकडे वळतो, कारण त्याची चर्चा कमी होते आणि कारखान्यात जाऊन बसल्यावर वेळ तिथेच जातो. हा भाग म्हणजे यजमान ईएक्सईचे, म्हणजे लायब्ररीला आपल्या प्रोसेसमध्ये घेणाऱ्या मूळ प्रोग्रामचे नियम.

डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये कॉन्फिगरेशन फाइल ही प्रोग्रामची असते, लायब्ररीची नसते. आपल्या लायब्ररीच्या शेजारी तिच्या नावाची कॉन्फिग फाइल ठेवली तरी रनटाइम ती वाचत नाही. तो पाहतो ती मूळ ईएक्सईच्या नावाची फाइल. आजच्या लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतात, एकीला दुसरीची एक आवृत्ती हवी असते आणि तिसरीला वेगळी, आणि हा मेळ ‘बाइंडिंग रीडायरेक्ट’च्या (एका आवृत्तीऐवजी दुसरी वापरा असे सांगणाऱ्या) नोंदी घालतात. सी शार्पचा प्रोग्राम बांधताना व्हिज्युअल स्टुडिओ या नोंदी स्वतः लिहितो. यजमान डेल्फीचा प्रोग्राम असेल तर त्या कोणी लिहीत नाही. परिणामी जी लायब्ररी आपल्या चाचणीच्या प्रोग्राममध्ये निर्दोष चालली, ती कारखान्यातल्या प्रोग्राममध्ये ‘असेंब्ली सापडली नाही’ म्हणते, आणि ती असेंब्ली तर समोर त्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. उपाय दोन आहेत. जुन्या ईएक्सईच्या नावाची कॉन्फिग फाइल तिच्या शेजारी ठेवावी, किंवा आपल्या मधल्या वर्गात ‘असेंब्लीरिझॉल्व्ह’ ही घटना हाताळून फाइल स्वतः शोधून द्यावी. मी दुसरा उपाय पसंत करतो. पहिल्यात आपण दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये अशी एक फाइल ठेवतो, जिचे कारण पुढच्या माणसाला कळणार नाही आणि जी तो कधीतरी साफसफाईत काढून टाकेल.

याच मुद्द्याचे दुसरे अंग असे की नेटिव्ह यजमान असताना ‘एंट्री असेंब्ली’ (प्रोग्राम जिथून सुरू झाला ती असेंब्ली) अस्तित्वातच नसते. ती विचारणाऱ्या पद्धतीला ‘नल’ मिळते, आणि ज्या लायब्ररी त्या असेंब्लीच्या नावावरून किंवा जागेवरून लॉग फाइलचा पत्ता ठरवतात, त्या तिथेच कोसळतात. याहून फसवी गोष्ट सुसंगततेची आहे. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्त्या आपले काही वर्तन, मूळ प्रोग्राम कोणत्या आवृत्तीसाठी बांधला आहे हे पाहून ठरवतात, म्हणजे जुने प्रोग्राम मोडत नाहीत. नेटिव्ह यजमानाकडे अशी खूण नसल्यामुळे त्याला जुन्या काळातला समजून वागवले जाते. टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या नियमांच्या, बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते. संगणकावर फ्रेमवर्क ४.८ असूनही लायब्ररी टीएलएस १.० नेच जोडणी करू पाहते, आणि सरकारी पोर्टल किंवा जीएसपीचा (जीएसटी व्यवस्थेशी जोडून देणाऱ्या मध्यस्थ कंपनीचा) सर्व्हर ती जोडणी नाकारतो. लायब्ररीच्या आत टीएलएस १.२ स्पष्टपणे निवडता येते, पण ती निवड त्या अ‍ॅपडोमेनमधल्या (प्रोसेसच्या आतल्या डॉट नेटच्या कप्प्यातल्या) सगळ्यांना लागू होते, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या कोणाची मॅनेज्ड लायब्ररी असेल तर तिलाही. रजिस्ट्रीत ‘सिस्टमडिफॉल्टटीएलएसव्हर्जन्स’ आणि ‘एससीएचयूजस्ट्राँगक्रिप्टो’ या नोंदी करणे हा पर्याय आहे, मात्र त्याचा परिणाम संपूर्ण संगणकावर होतो. कोणता मार्ग घ्यायचा हे त्या संगणकावर आणखी काय चालते ते पाहूनच ठरवावे.

आणखी एक अगदी साधी गोष्ट. इंटरनेटवरून उतरवलेल्या झिप फाइलमधली डीएलएल विंडोज ‘बाहेरून आलेली’ म्हणून खूण करून ठेवते, आणि फ्रेमवर्क ती लोड करायला नकार देते. त्रुटीचा क्रमांक ८०१३१५१५ असा सोळा-आधारी असतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केले की काम होते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून लोड करतानाही हाच नकार मिळतो, आणि अनेक कारखान्यांत प्रोग्राम सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमधूनच चालवण्याची रीत असल्यामुळे हे आधीच तपासून घ्यावे.

रनटाइमच्या आवृत्तीचा प्रश्न काही प्रमाणात सुटला आहे, पूर्ण नाही. २०१० साली आलेल्या फ्रेमवर्क ४ पूर्वी एका प्रोसेसमध्ये सीएलआरची (फ्रेमवर्कच्या रनटाइमची) एकच आवृत्ती राहू शकत असे. जी लायब्ररी आधी आली तिची आवृत्ती सर्वांवर लादली जाई, आणि म्हणूनच विंडोज एक्सप्लोररची एक्स्टेन्शन मॅनेज्ड कोडमध्ये लिहू नका, असे मायक्रोसॉफ्टचे सांगणे होते. फ्रेमवर्क ४ पासून सीएलआर २ आणि ४ शेजारी राहू शकतात. पण एकदा आलेला रनटाइम प्रोसेसमधून परत पाठवता येत नाही. लायब्ररीची नवी फाइल टाकायची असेल तर जुना प्रोग्राम बंदच करावा लागतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात तो कधी बंद करायचा, हाही एक विचारण्यासारखा प्रश्न असतो.

मेमरीबद्दल थोडे थांबून लिहितो. मॅनेज्ड ऑब्जेक्ट हे गार्बेज कलेक्टरच्या इच्छेने मेमरीत जागा बदलत असतात, तर नेटिव्ह कोड पत्त्यावर विसंबतो. ही सीमा ओलांडताना इंट आणि डबल यांसारखे प्रकार जसेच्या तसे जातात. बूल (खरे-खोटे सांगणारा प्रकार) मात्र जात नाही. सी प्लस प्लसचा बूल एक बाइटचा, विंडोजचा मोठ्या अक्षरांतला बूल चार बाइटचा आणि कॉमचा दोन बाइटचा असून त्यात ‘खरे’ म्हणजे उणे एक. डॉट नेट न सांगितल्यास चार बाइट धरते. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये असा एक बूल चुकला की त्यापुढची सगळी क्षेत्रे सरकतात. स्ट्रिंगच्या बाबतीत खरा प्रश्न मेमरी कोणी मोकळी करायची हा आहे. लायब्ररीने दिलेली स्ट्रिंग सी प्लस प्लसच्या ‘फ्री’ने मोकळी करायला गेल्यास हीप (मेमरीचा साठा) बिघडते, आणि बिघाड दिसतो तो बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी. म्हणून जिथे मला निवड असते तिथे मी बफर नेहमी नेटिव्ह बाजूने द्यायला लावतो. लायब्ररी त्यात लिहिते आणि किती जागा लागली ते परत सांगते. कोड थोडा कंटाळवाणा होतो, पण मेमरी कोणाची हा प्रश्न उरत नाही.

कॉलबॅक हा याच विषयातला सर्वांत धोक्याचा भाग. समजा, गेजचे वाचन नेटिव्ह ड्रायव्हर करतो आणि प्रत्येक वाचनाला मॅनेज्ड बाजूचे एक फंक्शन कॉल करतो. मॅनेज्ड बाजू त्यासाठी डेलिगेटपासून (फंक्शनचा संदर्भ धरणाऱ्या मॅनेज्ड ऑब्जेक्टपासून) फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता, तयार करून देते. ड्रायव्हरकडे तो पॉइंटर जपलेला असला, तरी त्यामागचा डेलिगेट कोणीतरी वापरत आहे हे गार्बेज कलेक्टरला दिसत नाही. मॅनेज्ड बाजूने तो एखाद्या स्टॅटिक क्षेत्रात धरून ठेवला नसेल, तर पुढच्या सफाईत तो जातो आणि त्यानंतरचे पहिले वाचन प्रोग्राम पाडते. सफाई केव्हा होईल हे निश्चित नसल्याने चाचणीत सर्व ठीक दिसते आणि पाळी अर्धी झाल्यावर प्रोग्राम बंद पडतो. शिवाय ३२ बिटमध्ये कॉल करण्याच्या पद्धतीही जुळाव्या लागतात. डॉट नेट विंडोजवर ‘एसटीडीकॉल’ धरते, तर सी प्लस प्लसचे फंक्शन न सांगितल्यास ‘सीडेक्ल’ असते, आणि हा फरक राहिला तर स्टॅक (चालू कॉलची माहिती ठेवणारी मेमरी) बिघडतो. ६४ बिटमध्ये एकच पद्धत असल्याने हा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

अपवादांचे नियम थोडक्यात असे. कॉमच्या मार्गाने गेल्यास मॅनेज्ड अपवादाचे रूपांतर एचरिझल्टमध्ये (कॉमच्या त्रुटी-क्रमांकात) होते आणि व्हिज्युअल बेसिक ६ ला तो नेहमीच्या ‘एर्र’ ऑब्जेक्टमध्ये मिळतो, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू आहे. थेट फंक्शन पॉइंटरच्या मार्गाने गेल्यास असे संरक्षण नाही. अपवाद सीमेपर्यंत पोहोचला तर बहुधा प्रोसेसच संपते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ई०४३४३५२ हा क्रमांक राहतो. हा क्रमांक दिसला की मूळ दोष नेटिव्ह कोडमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये, तो मॅनेज्ड बाजूचा न पकडलेला अपवाद असतो. बाहेर दिलेल्या प्रत्येक फंक्शनमध्ये सर्व अपवाद पकडून पूर्णांक क्रमांक परत देणे, एवढेच याचे उत्तर आहे. डेल्फीच्या प्रोग्रामांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डेल्फी शून्याने भागणे, ओव्हरफ्लो यांसारख्या दशांश गणितातल्या चुकांवर प्रोसेसरला अपवाद उठवायला सांगून ठेवते. डॉट नेट ते बंद आहेत असे गृहीत धरते, कारण तिच्या नियमांनुसार अशा भागाकाराचे उत्तर ‘इन्फिनिटी’ किंवा ‘नॅन’ येते. त्यामुळे इतरत्र निमूटपणे चालणारी लायब्ररी डेल्फीमध्ये अंकगणिताचा अपवाद देते. लायब्ररी कॉल करण्यापूर्वी एफपीयूचा (प्रोसेसरच्या दशांश गणित करणाऱ्या भागाचा) कंट्रोल वर्ड बदलून, काम झाल्यावर तो पूर्ववत करावा लागतो.

थ्रेडबद्दल एवढेच सांगतो की आधुनिक लायब्ररींतल्या असिंक (काम पूर्ण होण्याआधीच परतणाऱ्या) पद्धती सीमा ओलांडून जात नाहीत. ‘टास्क’ काय असतो हे नेटिव्ह बाजूला माहीत नाही. मधल्या वर्गाला तिथे थांबावेच लागते, आणि तो खिडकीच्या मुख्य थ्रेडवर थांबला तर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत खिडकी गोठते. चलन छापणाऱ्या मुलाला वाटते की प्रोग्राम अडकला, आणि तो टास्क मॅनेजरमधून तो बंद करतो. इकडे पोर्टलवर मात्र इन्व्हॉइसची नोंद झालेली असते. हे टाळण्यासाठी काम सुरू करणारे एक आणि स्थिती विचारणारे दुसरे, अशी दोन वेगळी फंक्शने ठेवावीत.

सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांसाठी सी प्लस प्लस सीएलआय (डॉट नेटसाठी वाढवलेली सी प्लस प्लस) हा २००५ पासूनचा मार्ग मला सर्वांत नेटका वाटतो, कारण एकाच फाइलमध्ये दोन्ही बाजूंचे प्रकार हाताळता येतात आणि रूपांतर कुठे होते ते डोळ्यांसमोर राहते. त्याचे बंधन एक लक्षात ठेवावे: ‘डीएलएलमेन’च्या (डीएलएल लोड होताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत मॅनेज्ड कोड चालता कामा नये. त्या वेळी विंडोजने लोडरचे कुलूप धरलेले असते आणि रनटाइमला आणखी काही लोड करावे लागले तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमधून हे नकळत घडू शकते.

डॉट नेटच्या नव्या पिढीत, म्हणजे डॉट नेट कोअर ३.० (२०१९) आणि त्यापुढे, मार्ग तेच असले तरी त्यांची वळणे बदलली आहेत. कॉमसाठी आता वेगळी ‘कॉमहोस्ट’ डीएलएल तयार होते आणि ती ‘रेगएसव्हीआर३२’ने नोंदवता येते, हे सोयीचे आहे. पण असेंब्लीवरून टाइप लायब्ररी बनवून देण्याचे काम आता होत नाही, ती स्वतः लिहावी लागते. ‘होस्टएफएक्सआर’ वापरून रनटाइम सुरू करता येतो आणि फंक्शन पॉइंटर मिळवता येतो, आणि डॉट नेट ५ पासून ‘अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली’ ही खूण लावून सी शार्पचे स्टॅटिक फंक्शन थेट कॉल करण्याजोगे करता येते. मात्र या पिढीचा एका प्रोसेसमध्ये एकच रनटाइम राहतो, आणि लायब्ररीबरोबर स्वतःचा रनटाइम बांधून देण्याची सोय या मार्गात नाही, तो संगणकावर बसवलेला असावा लागतो. अ‍ॅपडोमेनही आता उरलेले नाहीत.

नेटिव्ह एओटीकडे (कोड आधीच प्रोसेसरच्या भाषेत बांधण्याच्या सोयीकडे) बरेच जण आशेने पाहतात, आणि ती आशा निराधार नाही. डॉट नेट ७ (२०२२) पासून सी शार्पची लायब्ररी खऱ्या नेटिव्ह डीएलएलमध्ये बांधता येते, तिच्यात बाहेर दिलेली फंक्शने असतात आणि संगणकावर रनटाइम बसवावा लागत नाही. पण डॉट नेट ८ पर्यंत विंडोजवर ती ३२ बिटमध्ये बांधता येत नव्हती. ती सोय डॉट नेट ९ मध्ये आली, आणि आपले जुने प्रोग्राम तर ३२ बिटचेच आहेत. शिवाय चालू असताना नवा कोड तयार करणाऱ्या किंवा असेंब्ली लोड करणाऱ्या लायब्ररी यात चालत नाहीत, रिफ्लेक्शनवर (चालताना वर्गांची माहिती वाचण्यावर) विसंबणाऱ्या लायब्ररींचे भाग बांधणीत छाटले जाऊ शकतात, आणि अशी डीएलएल एकदा लोड झाली की उतरवता येत नाही. स्वतः लिहिलेल्या, मर्यादित कामाच्या लायब्ररीसाठी हा मार्ग उत्तम आहे. दुसऱ्याची मोठी तयार लायब्ररी या साच्यात बसेलच असे नाही.

आणि शेवटी संगणकच जुना असेल तर? विंडोज एक्सपीवर डॉट नेट फ्रेमवर्क ४.० च्या पुढे जाता येत नाही, आणि टीएलएस १.२ साठी ४.५ लागते. विंडोज ७ वर फ्रेमवर्क ४.८ चालते, पण डॉट नेट ८ ला तिथे आधार नाही. यंत्राला जोडलेला असा एक्सपीचा संगणक कारखान्यात असेल, तर त्याच्या प्रोसेसमध्ये कोणतीही आधुनिक लायब्ररी आणण्याचा प्रयत्न करणेच व्यर्थ आहे.

या सगळ्यामुळे गेली काही वर्षे मी पहिला सल्ला वेगळ्या प्रोसेसचा देतो. मॅनेज्ड लायब्ररी स्वतःच्या ईएक्सईमध्ये चालवावी, तिची स्वतःची कॉन्फिग फाइल असावी, ती ६४ बिटची असली तरी चालेल, आणि जुन्या प्रोग्रामने तिच्याशी नेम्ड पाइपने (दोन प्रोसेसमध्ये माहिती नेणाऱ्या विंडोजच्या सोयीने), याच संगणकावरच्या एचटीटीपीने किंवा अगदी फोल्डरमध्ये फाइल ठेवूनही बोलावे. शेतमालाचा ट्रक थेट स्वयंपाकघरात न आणता फाटकावर माल उतरवून घ्यावा, तशी ही व्यवस्था आहे. वर सांगितलेल्या अडचणींपैकी बिट, कॉन्फिग, टीएलएस, एफपीयू, डेलिगेट आणि रनटाइमची आवृत्ती या सगळ्या एकदम गळून पडतात. लायब्ररी कोसळली तर वजनकाट्याचे वाचन चालू राहते. आणि एक्सपीच्या संगणकासाठी हीच प्रोसेस शेजारच्या नव्या संगणकावर ठेवता येते.

या मार्गालाही किंमत आहे आणि ती लपवू नये. दुसरी प्रोसेस कोण सुरू करणार, ती बंद पडली तर कोणाला कळणार, फायरवॉल मध्ये येईल का, एकाच चलनाची विनंती दोनदा गेली तर काय, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवावी लागतात. विंडोज सर्व्हिस म्हणून ती चालवली तर पहिले दोन प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात. दुहेरी विनंतीसाठी प्रत्येक विनंतीला जुन्या प्रोग्रामनेच क्रमांक द्यावा आणि सर्व्हिसने तो नोंदवून ठेवावा. ई-इन्व्हॉइससारख्या कामात, जिथे दर काही मिनिटांनी एक विनंती जाते आणि खरा वेळ इंटरनेटवरच जातो, तिथे प्रोसेस ओलांडण्याचा खर्च जाणवतही नाही.

जिथे सेकंदाला हजारो वाचने येतात आणि त्यांच्यावर मॅनेज्ड लायब्ररीने गणित करायचे असते, तिथे मात्र एकाच प्रोसेसमध्ये राहणे भाग पडते. अशा वेळी मी वाचन एकेक करून पाठवू देत नाही. नेटिव्ह बाजूने डबल संख्यांचा सलग अ‍ॅरे भरावा, भरल्यावर तो एका कॉलमध्ये द्यावा आणि उत्तरेही दुसऱ्या तयार अ‍ॅरेत घ्यावीत, म्हणजे सीमा ओलांडण्याचे प्रसंग कमी होतात आणि प्रकारांच्या रूपांतराचा प्रश्नच येत नाही. बाहेर द्यायची फंक्शने अगदी मोजकी ठेवावीत: सुरू करणे, गणित करणे, शेवटची त्रुटी मजकुरात विचारणे, थांबवणे, आणि आवृत्तीचा क्रमांक परत देणारे एक. सुरू करण्याचे फंक्शन प्रोग्राम उघडतानाच कॉल करावे, कारण रनटाइम लोड होणे आणि पहिले जेआयटी यांना लागणारा वेळ पहिल्या तुकड्याच्या मोजणीत यायला नको. आवृत्तीचे फंक्शन जुन्या प्रोग्रामने सुरुवातीलाच तपासावे आणि अपेक्षित क्रमांक नसेल तर काम सुरू न करता तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे रात्रपाळीच्या सुपरवायझरला फोनवर निदान कोणती फाइल बदलायची हे विचारता येते.